काशीला सोडलेला शेंगदाणा

हसनाबादमध्ये पंगत कोणाचीही असो, आग्रह रामराव गिरणीवाल्यांचाच. लग्न, बारसं, तेरावं, काही असू दे, पांढरी टोपी जरा मागं सरकवून हा माणूस बुंदीची बादली घेऊन निघाला की पंगतीतली माणसं आधीच पानावर आडवे हात धरायची. त्याचा उपयोग नसे. रामराव बोटांच्या फटीतून बुंदी सोडत. "खा रे, लाजू नगं. घरी गेल्यावर कोण इचारणार हाय तुला?" नव्या जावयांना तर ते रडकुंडीला आणत, आणि जावई एकदा रडकुंडीला आला की त्याच्या पानात आणखी एक पळी पडे.

गंमत अशी, की या रामरावांना मात्र गावात कोणी आग्रह करू शकत नसे. वांग्याची भाजी वाढणारा त्यांच्या पानाशी आला की दोन पावलं लांबून जाई. मागून दुसरा कोणी तरी हात धुऊन, झाकण घातलेली एक वाटी आणून त्यांच्यापुढं ठेवी. त्या वाटीला गावात नावच पडलं होतं, काशीची वाटी.

काशीला गेलेला माणूस आवडीची एक वस्तू तिथं सोडून येतो आणि मग जन्मभर तोंडाला लावत नाही. आता यात चलाख लोक कारलं सोडतात. काही जण ज्या फळाचं नावही कधी ऐकलं नाही ते सोडून येतात. रामरावांनी सोडला शेंगदाणा. आमच्या मराठवाड्यात शेंगदाणा सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं वांग्यात कूट, खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपास असला तर नुसतंच कूट. शिवाय तरुणपणी हे गृहस्थ शेंगांवर जीव टाकणारे. खिशात भाजलेल्या शेंगा नसतील तर गिरणीचा पट्टा चढवायचे नाहीत, असं जुनी माणसं सांगत. त्यामुळं त्यांच्या त्यागाचा गावात मोठा दबदबा होता. लोक त्यांना रामराव म्हणतच नसत. "काशीवाले" म्हणत.

मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायला गेले ती ॲलर्जी मोजायला. माझं नाव दैवशाला. हे नाव आजीनं ठेवलं, त्याबद्दल माझं तिच्याशी बोलून झालेलं आहे. डॉक्टर झाले, पुढच्या शिक्षणासाठी प्रबंध लिहायचा होता, आणि आमच्या सरांनी विषय दिला: प्रौढ माणसांमध्ये अन्नाची ॲलर्जी किती आढळते. लहान मुलांचं सगळे विचारतात, मोठ्यांना कोणी विचारत नाही, असं सरांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. पण सर विचारायला येणार नव्हते, मी जाणार होते. सोबतीला उत्तरं लिहून घ्यायला जालन्यातल्या नवीन जालना भागातली नाहिद, तिची स्कूटी, आणि एक प्रश्न: "तुम्हाला कोणत्या अन्नपदार्थाची ॲलर्जी आहे का?"

या प्रश्नानं आमची जी फजिती केली ती काय सांगू! धावडा गावात एक जण म्हणाले, "मला माझ्या साडूची हाय." मी प्रश्न सोपा केला. खाल्ल्यावर काही त्रास होतो का? तर हे विचारताना सून दारात उलथनं घेऊन उभी. कोण हो म्हणेल? "बिलकुल न्हाई. आमच्या सूनबाईच्या हाताला लई चव हाय." एका मावशींना जगातलं सगळंच बाधत होतं, चहा, दूध, भात, हरभरा, एवढंच काय, थंड पाणीसुद्धा. हे सांगता सांगता त्यांनी आमच्यासमोर दोन बशा पोहे संपवले. आमचे घरमालक रामराव यांनी तर छातीवर हात मारला. "त्रास? मी दगूड पचवतो, डाक्टरीनबाई." मी त्यांच्या नावापुढं "नाही" लिहिलं आणि वर हसलेसुद्धा. आठवडाभर फिरून आम्ही असा निष्कर्ष काढायच्या बेतात होतो की जालना जिल्ह्यात ॲलर्जी हा प्रकारच नाही. माझं डोकं तापलेलं होतं.

ते थंड केलं झुंबरबाईंच्या स्वयंपाकघरानं. झुंबरबाई म्हणजे रामरावांची बायको. बारीक अंगाची, भराभर चालणारी आणि त्याहून भराभर बोलणारी बाई. मी त्यांना मावशी म्हणायची. त्यांच्याकडं दोन मिक्सरची भांडी, दोन पाटे, दोन झारे. शेंगदाण्याचं सगळं पडवीत, घरात त्याचा कणही नाही. रामरावांना चटणी कारळाची नाही तर जवसाची, भाजीला तिळाचं कूट, तेल करडईचं. पडवीतून आत येताना मावशी हात धुवायच्या, आणि पाहुण्याबाईलाही धुवायला लावायच्या. "देवाला सोडलेली वस्तू हाय, माय. चुकून कण गेला तर पाप कोणाच्या माथी?"

नाहिद हे बघत बघत जेवली आणि हळूच मला म्हणाली, "आपा, इत्ता परहेज तो दवाखाने में भी नै होता."

मग तीच पुढं म्हणाली की तिच्या गल्लीत आजारपणात ॲलर्जी हा शब्द कोणी वापरत नाही. परहेज म्हणतात, म्हणजे पथ्य. दुसऱ्या दिवशी तिनं मुस्लिम घरांमधून "किस चीज का परहेज करते?" असं विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच घरात फरजाना नावाच्या बाईंनी सुक्या झिंग्यांनी डोळे कसे सुजतात ते साग्रसंगीत सांगितलं. मी तो धागा पकडला. आमच्या बाजूचा शब्द माझ्या डोळ्यांसमोर वाटीत झाकून ठेवलेला होता. मी विचारायला लागले, "खाण्यातलं काय सोडलंय? आणि सोडायच्या आधी खाल्लं की काय व्हायचं?"

आणि माणसं बोलायला लागली. सगळ्यांचं खरं होतं असं नाही. कोणी खरंच देवाला सोडलेलं, कोणाला नुसतंच आवडत नव्हतं, कोणाला डाळीनं पोटात गुबारा धरायचा, ती काही ॲलर्जी नव्हे. पण मधूनच एखादा म्हणायचा, "वांगं खाल्लं की ओठ जाड व्हायचे, मंग गुरुवारी दत्ताला सोडून टाकलं." देवाच्या खात्यात आमचे बरेच पेशंट जमा होते.

याच दिवसांत झुंबरमावशी काशीला निघाल्या. गावातला सोमेश्वर दरवर्षी यात्रेची बस काढतो. मावशींनी जन्मात कधी भोकरदन-जालन्यापलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला खूप गळ घातली. ते काही तयार होईनात. "मी एकडाव जाऊन आल्तो ना! आन् गिरणी कोण बघंल?" गिरणी बघायला मुलगा धर्मराज होता, चांगला मिशावाला, पण ते कोणी बोललं नाही. मावशी एकट्याच गेल्या. बस सुटताना त्यांनी खिडकीतून मला बजावलं, "पडवीतनं आत येताना हात धू बरं."

दोन दिवसांनी मी गिरणीत गेले. खरं तर माझं ज्वारीचं दळण होतं. रामराव पिठानं पांढरे झालेले, भुवयासुद्धा पांढऱ्या. वाट बघता बघता मी सवयीनं विचारलं, "बाबा, तुमचा शेंगदाणा. सोडायच्या आधी खाल्ला की काय व्हायचं?"

रामरावांनी गिरणी बंद केली. माझं दळण अर्धंच झालं होतं.

"डाक्टर लोक पेशंटचं कोणाला सांगत न्हाईत ना?"

"बिलकुल नाही."

"मी काशीला गेलोच न्हाई," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. तिशी उलटल्यावर त्यांना शेंगदाणा खाल्ला की ओठांना खाज सुटायची, अंगावर पित्त उठायचं. त्यांनी दुर्लक्ष केलं. जिवाभावाचा दोस्त माऊली आणि ते काशीला निघाले. जालन्याहून मनमाड, मनमाडला गाडी बदलायची. फलाटावर त्यांनी शेंगदाण्याची चिक्की घेतली. "दोन तुकडे खाल्ले आन् घसा असा आवळला, जसा कोणी आतून दोरीच वढून राह्यला. माऊलीनं मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. डाक्टर म्हणला, वाचलास. परत शेंगदाण्याला हात लावशील तर वाचायचा न्हाईस." पुढं जायची छाती झाली नाही. गावातून वाजतगाजत निघालेले, परत जायलाही तोंड नाही. दोघं मनमाडच्या धर्मशाळेत राहिले आणि यात्रेचे दिवस भरल्यावर गावी आले. येताना गंगाजल म्हणून एक बाटली मनमाडच्या नळावर भरून आणली.

"मनमाडला?" मला राहवलं नाही. "तिथं तर प्यायच्या पाण्याची बोंब असते."

"तेच ना!" रामराव कळवळून म्हणाले. "एवढी बाटली भराया भांडणं केली आमी."

मी हसले, तेही हसले. मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. "माय गेली तवा तिच्या तोंडात तेच पाणी घातलं, बाई. तिनं डोळे मिटून घेतलं. गंगा, गंगा म्हणली." पिठाच्या हातानं त्यांनी डोळे पुसले आणि तोंडाचा चिखल झाला. माऊली वारला होता. एवढी वर्षं हे पोटात ठेवून हा माणूस गावाला बुंदी खायला घालत होता.

"पण खोटं का बोललात? शेंगदाणा सोसत नाही एवढं सांगायचं."

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "बाई, मी स्वतः आग्रह करणारा माणूस. सोसत न्हाई म्हणलेल्याला मी सोडलंय का कधी? 'अरे थोडंच हाय, एक घासानं काय होतंय' म्हणून मीच वाढलंय. गावानं मला सोडलं असतं व्हय? देवाचं नाव घेतलं म्हणून वाटी झाकून येती." मावशींबरोबर न जाण्याचं कारणही तेच. सगळी बस त्यांना विचारणार, काशीवाले, कोणता घाट कुठं? ते काय सांगणार होते, पाच नंबरचा फलाट?

त्यांच्या नावापुढचं "नाही" खोडताना मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं.

संध्याकाळी धर्मराजच्या मोबाइलवर काशीहून फोन आला. त्यानं तो स्पीकरवर टाकला. मावशींचा आवाज सगळ्या अंगणात घुमला. "आवं, ऐकता का? मी तुमाला सोडवलं!"

कोणाच्या तावडीतून, हे कळायला जरा वेळ लागला. सोमेश्वरनं बससाठी नावं लिहून घेतानाच सांगितलं होतं म्हणे, की जोडीदारानं काशीत डुबकी मारून देवाकडं मागितलं, तर सोडलेली वस्तू परत मिळते. फक्त पहिला घास जोडीदाराच्या हातून, मावंद्याच्या पंगतीत खायचा. हे शास्त्र कोणत्या पोथीत आहे ते सोमेश्वरलाच ठाऊक. यंदा त्याच्या बसमधल्या दोन सीटा रिकाम्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. "एवढी वर्षं तुमी माझ्या हातची शेंगदाण्याची पोळी खाल्ली न्हाई," मावशी तिकडून रडत होत्या. "मी देवाला म्हणलं, माझं काय बी घे, पण ह्यांचं ह्यांना दे. आल्यावर माझ्या हातानं लाडू भरवते."

धर्मराज खूश. शेजारपाजार खूश. रामराव खाटेवर बसले होते, ते तसेच बसून राहिले.

काशीहून आलं की गावजेवण घालतात, त्याला मावंदं म्हणतात. मावशी परतल्या आणि मावंद्याची तयारी सुरू झाली. मी रामरावांना गिरणीत गाठून झापलं. सरळ सांगा, डॉक्टरनं मना केलंय. ते म्हणाले, देवानं मोकळं केलं आणि डॉक्टरनं अडवलं म्हटलं तर ती डॉक्टरलाच घराबाहेर काढील. मग त्यांचा आपला एक बेत: लाडू गालात धरायचा आणि पाणी पिताना टोपीत थुंकायचा. गुळाच्या खड्यावर त्यांनी तालीमही केली. पहिल्या वेळी गूळ गिळला, दुसऱ्या वेळी टोपी चिकट झाली. मी बजावलं की ओठाला कण लागला तरी भरवसा नाही. एवढ्या वर्षांनी शरीर विसरलेलं नसतं, उलट जास्तच चवताळतं.

"आन् एक घास खाल्ला तर?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तुमच्याकडं विंजेक्शन हाय ना? लागलीच द्यायचं. तिनं देवाकडं मागितलंय, बाई. तिनं स्वतःसाठी कवाच काय मागितलं न्हाई."

मला त्यांचा इतका राग आला! हा माणूस बायकोचं मन मोडण्यापेक्षा मरायला तयार होता, आणि वर इंजेक्शन हातात घेऊन मी शेजारी उभी राहावं असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, इंजेक्शन म्हणजे तुमच्या गिरणीचा खटका नव्हे, दाबला की बंद. मी पेशंटचं गुपित ठेवीन, पण लाडू तोंडाजवळ गेला तर मी तो हिसकावून घेईन आणि मग काय व्हायचं ते होऊ दे.

मावंद्याच्या दिवशी घरापुढं मांडव पडला. नाहिद आणि मी पंगतीच्या टोकाला, रामरावांच्या अगदी समोर बसलो. माझ्या पर्समध्ये इंजेक्शन भरून तयार होतं. आज पहिल्यांदाच रामराव वाढायला नव्हते, पाटावर बसले होते. काशीची वाटीही आज नव्हती. बायका दारात गोळा झाल्या. झुंबरमावशी नवं हिरवं लुगडं नेसून, ताटलीत एकच लाडू घेऊन आल्या. त्या इतक्या आनंदात होत्या की माझ्यानं बघवेना.

सोमेश्वर ओरडला, "बोला, काशीविश्वनाथ महाराज की..." आणि मंडळींनी जय म्हटलं.

मावशींनी लाडू उचलला. रामरावांनी तोंड उघडलं. मी अर्धी उठलेच. तेवढ्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे झिडकारलेले ते आडवे हात स्वतःच्या तोंडावर धरले.

"झुंबर," ते म्हणाले, "मी काशीला गेलोच न्हाई."

पंगत गप्प झाली. काशीमुळं नंतर झाली असेल, आधी झाली ती नावामुळं. या वयाच्या माणसानं चारचौघांत बायकोला नावानं हाक मारलेली हसनाबादेत कोणी ऐकली नव्हती. मग त्यांनी सगळं सांगितलं. मनमाड, चिक्की, माऊलीची पाठ.

मावशी तिथंच मांडी घालून खाली बसल्या. लाडू हातातच.

"मंग देव्हाऱ्यातली बाटली?"

"मनमाडची."

"आन् आत्याबाई जाताना त्यांच्या तोंडात..."

रामरावांनी मान खाली घातली.

मला वाटलं आता भडका उडणार, पापपुण्य निघणार. निघालं भलतंच. त्या पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. "मी तिथं समद्या घाटांवर हिंडले हो. म्हणलं, ह्यांनी कोणत्या पायरीवर बसून शेंगदाणा सोडला असंल? एक पायरी मला बराबर वाटली. तिच्या पाया पडले, फूल ठेवलं. मी म्हणलं, आपुन एकटं कुठं आलोत, हे आधी येऊन गेल्यात. आन् तुमी आलेच न्हाई! मी एकटीच व्हते तिथं!"

रामरावांना हुंदका आवरला नाही. माझंही काही वेगळं नव्हतं, मी आपलं पर्समध्ये तोंड घातलं. शेवटी मावशी उठल्या, सोमेश्वरच्या पानापुढं गेल्या आणि लाडू त्याच्या पानात आदळला. "घ्या, तुमीच खा. शास्तर तुमचंच हाय." मग आत जाऊन त्यांनी खसखसून हात धुतले, धुतल्याचा आवाज बाहेर ऐकू आला, आणि एक वाटी झाकण घालून आणून नवऱ्यापुढं ठेवली. भाजी तिळाच्या कुटातली होती. म्हणजे बाईंनी तीही करून ठेवलेली होती, सवयीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीपुढं माणसं. एक आजोबा हळूच म्हणाले, "मॅडम, माझं वांगं बी काशीचं न्हाई." दुसऱ्याचं अंडं माळ घातल्यामुळं सुटलेलं नव्हतं, अंड्यानं त्याचा घसा बसायचा. नाहिदला लिहायला कागद पुरेनात. ज्यांचं लक्षण खरं वाटलं त्यांना आम्ही जालन्याला तपासणीला नेलं. त्यातही काहींचं निघालं, काहींचं नाही. माझ्या प्रबंधातला आकडा लहानच आहे, पण पहिल्या आठवड्यात तो शून्य होता. रामरावांचं रक्त तपासल्यावर शेंगदाण्यापुढं जे उत्तर आलं, ते बघून आमचे सर खुर्चीत सरळ बसले. आता पंगतीत रामराव बादली घेऊन फिरतात तेव्हा आधी विचारतात, "काय सोसत न्हाई ते सांग रे बाबा." बुंदीला मात्र सवलत नाही.

मावशी नवऱ्याशी तीन-चार दिवस बोलल्या नाहीत. मी सामान बांधून निघाले त्या दिवशी चहाला सगळे अंगणात होते. देव्हाऱ्यातली जुनी बाटली तुळशीत रिकामी झालेली होती. मावशी कपात बघत म्हणाल्या, "औंदा दिवाळी झाली की आपुन दोघं जाऊ काशीला. बसनं माझे गुडघे गेले, रेल्वेनं जाऊ. आत्याबाईंचं जे ऱ्हायलं ते तिथं करू."

रामरावांनी कप खाली ठेवला. मग भीत भीत म्हणाले, "आन् तिथं मी काय सोडू?"

"शेंगदाणाच सोडा. आता खरा सोडा. दुसरं काय सोडून बसाल, तर सैपाकाची नवी तऱ्हा म्या कुठवर शिकू?"

"बराबर हाय," रामराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"आन् एक ध्यानात ठेवा," मावशींनी बोट उगारलं. "मनमाडला गाडीतनं खाली उतरायचं न्हाई."